ज्याच्याकडे फूल नाही, तो काय करतो?

दुहेरी बॅडमिंटनचा सामना पाहताना आपली नजर साहजिकच शटलकॉकच्या मागे धावते. शटलला आपल्याकडे पूर्वीपासून फूल म्हणतात; या लेखातही तोच शब्द वापरतो. ज्याच्या रॅकेटवर फूल, त्याच्यावर सर्वांचे डोळे. स्मॅश बसला की टाळ्या त्याला आणि फूल जाळीत अडकले की हळहळही त्याच्याच नावे. वाचकांनी यापुढे दूरचित्रवाणीवर अथवा गावातील सभागृहात दुहेरीचा सामना पाहण्याचा योग आला, तर एक प्रयोग अवश्य करून पाहावा. पाच मिनिटे फुलाकडे पाहू नये. ज्याच्याकडे फूल नाही, त्या दुसऱ्या जोडीदाराकडे पाहावे.

तो स्वस्थ उभा नसतो. जोडीदाराने रॅकेट उचलताच तो दोन पावले पुढे सरकतो, फूल उंच उडताच मागे येतो, जोडीदार डावीकडे ओढला गेला की स्वतः उजवीकडची मोकळी जागा भरतो. या हालचालींना कोणी टाळ्या देत नाही. परंतु पुढचा गुण कोणाचा, हे पुष्कळदा त्या पावलांनीच ठरलेले असते. दुहेरीची निम्मी विद्या न मारणाऱ्या माणसाच्या पायांत असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जागेचा हिशेब

व्यापारी घरांत कोणत्याही विषयाची सुरुवात हिशेबाने व्हावी, हे उचितच. बॅडमिंटनचे मैदान १३.४० मीटर लांब असते. जाळीच्या एका बाजूस ६.७० मीटर. एकेरीसाठी रुंदी ५.१८ मीटर, तर दुहेरीसाठी ६.१० मीटर. म्हणजे एकेरीत एका खेळाडूस सुमारे ३४.७ चौरस मीटर जागा राखावी लागते. दुहेरीत दोघांची मिळून ती ४०.९ चौरस मीटर होते. दरडोई सुमारे २०.४. माणूस एक वाढला आणि जागा मात्र किंचित वाढली. कागदावर पाहिले तर दुहेरी एकेरीपेक्षा पुष्कळ सोपी असावयास हवी. जागा दरडोई चाळीस टक्के कमी असूनही दोघांच्या मधोमध फूल पडते आणि दोघे एकमेकांकडे पाहत राहतात, हे दृश्य कोणत्याही मैदानावर रोज दिसते. तेव्हा अडचण जागेची नाही. ती वाटणीची आहे.

ही वाटणी नियमपुस्तक करून देत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नियम दुहेरीच्या खेळाडूंना केवळ सर्व्हिसपुरते बांधतात. सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे गुण सम असतील तर उजव्या चौकटीतून, विषम असतील तर डाव्या चौकटीतून सर्व्हिस करावयाची आणि समोरच्या तिरप्या चौकटीतील खेळाडूनेच ती परतवावयाची. तेवढे झाले की बंधन संपले. त्यानंतर कोणी कोठे उभे राहावे, कोणते फूल कोणी घ्यावे, एकाने लागोपाठ किती वेळा मारावे, याविषयी नियम मौन पाळतात. टेबल टेनिसच्या दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीनेच चेंडू मारला पाहिजे, असा दंडक आहे. बॅडमिंटनमध्ये तसा आधार नाही. येथे सारे काही परस्परांच्या समजुतीवर सोपवलेले आहे.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला या ठिकाणी १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. करार नसेल तर नफा-तोटा समान वाटावा, असे तो कायदा सांगतो. पण दुकान सकाळी कोणी उघडावे आणि उधारी कोणी वसूल करावी, हे सांगत नाही. ते भागीदारांनी आपसांत ठरवावयाचे असते. दायित्व मात्र दोघांचे, संयुक्त आणि पृथकही. बॅडमिंटनच्या गुणफलकावरही चूक कोणाची, याची नोंद नसते. गुण जातो तो जोडीचा.

पुढे-मागे आणि शेजारी-शेजारी

दुहेरीत उभे राहण्याच्या मूळ पद्धती दोनच. आक्रमण करताना एक पुढे, एक मागे. बचाव करताना दोघे शेजारी-शेजारी. एवढे बहुतेक हौशी खेळाडूंना ठाऊक असते. असे का, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. कारण एकदा उमगले की उरलेले पाठ करावे लागत नाही.

आपण फूल वरून खाली मारले, म्हणजे स्मॅश किंवा ड्रॉप केला, की समोरच्यांना ते जाळीच्या उंचीखालून घ्यावे लागते. मग त्यांच्यापुढे सोयीचे मार्ग दोन उरतात: फूल जाळीलगत अलगद टाकणे किंवा उंच उडवून आपल्या मागच्या रेषेकडे धाडणे. दोन्ही मार्ग आपल्या मैदानाच्या लांबीची परीक्षा घेतात. म्हणून लांबी वाटून घ्यावयाची. एकाने मागे राहून मारावयाचे, दुसऱ्याने जाळीपासून १.९८ मीटरवर असलेल्या आखूड सर्व्हिस रेषेच्या थोडे मागे, रॅकेट वर धरून, उभे राहावयाचे.

याउलट आपण फूल वर उचलले की परिस्थिती पालटते. आता समोरचा वरून मारणार. त्याचा स्मॅश डाव्या रेषेवर येईल, उजव्या रेषेवर येईल अथवा मधोमध. आता परीक्षा रुंदीची आहे. अशा वेळी पुढे-मागे उभे राहिले, तर मागच्या एकट्याला ६.१० मीटर रुंदी सांभाळावी लागेल आणि पुढच्याला फूल केव्हा गेले हेही कळणार नाही. स्मॅशची गती किती असू शकते, याचा एक दाखला पाहावा. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील सोका येथे भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने मारलेल्या स्मॅशची गती ताशी ५६५ किलोमीटर नोंदली गेली आणि ती गिनीज विक्रमांत गेली. रॅकेटवरून सुटताना असलेली ही गती हवेच्या विरोधामुळे झपाट्याने उतरते, हे खरे. सोळा पिसांचे जेमतेम पाच ग्रॅमचे फूल ते. तरीही बचाव करणाऱ्यास विचार करण्याइतका अवधी मिळत नाही. म्हणून रुंदी वाटून घ्यावयाची, प्रत्येकाकडे ३.०५ मीटर.

सूत्र थोडक्यात असे: आपले फूल खाली गेले तर लांबी वाटा, वर गेले तर रुंदी वाटा. कोणत्या पद्धतीत उभे राहावयाचे, हे आपल्या बाजूने नुकत्याच मारलेल्या फटक्याने ठरते. जोडीदाराने काय मारले, यावर आपली जागा अवलंबून असते. आपल्याला ती जागा आवडते की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

स्थानबदलाचा क्षण

दोन्ही पद्धती समजूनही गुण जातात, ते एकीतून दुसरीत जाताना. आक्रमण संपले आहे, बचाव अजून मांडलेला नाही, असा तो अर्धा क्षण असतो. कुशल प्रतिस्पर्धी नेमके तेव्हाच फूल टाकतो. या स्थानबदलाचे काही संकेत आहेत.

पुढच्या खेळाडूला नाइलाजाने जाळीजवळचे फूल उंच उचलावे लागले, तर तो जवळच्या बाजूस मागे येतो आणि उरलेली बाजू मागचा घेतो. जुळवून घेण्याचे काम मागच्यावर का? कारण मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. पुढच्याने मान वळवून पाहू नये, असे प्रशिक्षक बजावून सांगतात. मान वळली की तेवढ्यात फूल अंगावर येते. जोडीदाराचे मागे काय चालले आहे, हे त्याने समोरच्यांच्या डोळ्यांवरून व रॅकेटवरून ओळखावयाचे. ज्याला अधिक दिसते, त्याने अधिक जुळवून घ्यावे, हा न्याय मला फार समंजस वाटतो.

मागच्यानेच फूल उंच उडवले, तर तो ज्या बाजूस असेल ती बाजू त्याची आणि पुढच्याने मागे येऊन दुसरी घ्यावयाची. बचाव करताना एकाने स्मॅश अलगद जाळीपाशी टाकला, तर त्याने आपल्या फुलामागे पुढे जावे व दुसऱ्याने त्याच्या मागे मधोमध यावे. समोरच्यांनी फूल उंच उडवले, तर ज्याच्या बाजूस ते येत असेल तो मागे जातो आणि दुसरा विनाविलंब जाळीकडे सरकतो. हे 'विनाविलंब' फार महत्त्वाचे आहे. हौशी खेळात जोडीदार मारतो आहे म्हटल्यावर दुसरा क्षणभर प्रेक्षक होतो. स्मॅश उत्तम बसतो, समोरचा तो कसाबसा जाळीपाशी परतवतो आणि तेथे कोणीच नसते. मग स्मॅश मारणारा धापा टाकीत पुढे धावतो आणि फूल त्याच्या डोळ्यांदेखत पडते.

सर्वांत देखणा स्थानबदल आक्रमणातला. समोरचे फूल बाजूच्या रेषेलगत सपाट धाडतात. पुढचा खेळाडू ते अडवताना बाजूला व मागे खेचला जातो. त्याने धडपडत पुन्हा पुढे येण्याऐवजी मागची जागा घ्यावी आणि मागच्याने दुसऱ्या बाजूने पुढे यावे. दोघे एकाच दिशेने फिरतात, म्हणून आपटत नाहीत. फुगडी घालणाऱ्या दोघींची आठवण व्हावी असे ते दृश्य असते: एकीने सोडलेली जागा हीच दुसरीची जागा, आणि हात सुटला तर दोघीही पडणार.

मधले फूल

आता सर्वांत वादाचा मुद्दा. दोघे शेजारी-शेजारी उभे आहेत आणि स्मॅश मधोमध आला. कोणी घ्यावा? दोघांनी एकदम हात घातला तर रॅकेटी आपटतात. दोघांनीही सोडला तर गुण जातो. साध्या खेळात, दोघेही उजवे असतील तर डाव्या अंगाला उभ्या असलेल्याचा फोरहँड मध्यावर येतो, म्हणून मधले फूल त्याने घ्यावे, अशी समजूत रूढ आहे. वरच्या दर्जाच्या खेळात स्मॅश मारणाऱ्याच्या अगदी समोर असलेला खेळाडू आपली कडेची रेषा सांभाळतो आणि तिरप्या बाजूचा खेळाडू मध्याकडे सरकून मधले फूल पाहतो, असे पुष्कळ प्रशिक्षक शिकवतात. एक उजवा आणि एक डावखुरा अशी जोडी असेल तर गणित आणखी बदलते. कधी दोघांचे फोरहँड मध्यावर येतात, तर कधी दोघांचेही बॅकहँड. वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा डावखुरी, तर तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा उजवी. या दोघींनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०११ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. अशा जोडीला मध्याचा करार इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे करावा लागतो.

कोणता संकेत श्रेष्ठ, हा प्रश्न दुय्यम आहे. कोणताही एक आधी ठरलेला असणे, हे मुख्य. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर मधले फूल हे दोघांच्या सहीने चालणारे खाते नव्हे. 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीवरही ते सोडता येत नाही. तेथे एकाचेच नाव आधी लिहिलेले असावे लागते.

नोकरीच्या काळात अशी मधली फुले मी पुष्कळ पाहिली. एका गावात दोन भावांची पेढी होती. दोघेही कष्टाळू, व्यवहाराला चोख. थोरला खरेदी पाहत असे, धाकटा विक्री आणि वसुली. दोघांच्याही कामात बोट ठेवण्यास जागा नव्हती. मात्र कॅश क्रेडिट खात्यासाठी दरमहा बँकेला द्यावयाचे मालसाठ्याचे विवरणपत्र हे दोघांच्या कामाच्या बरोबर मध्ये पडणारे कागद होते. साठा खरेदीतला म्हणावा तर विक्रीने तो कमी झालेला. म्हणून थोरल्यास वाटे धाकटा देईल आणि धाकट्यास वाटे थोरला. लागोपाठ काही महिने ते आलेच नाही. नियमाप्रमाणे उचल थांबली आणि ऐन हंगामात एका मोठ्या व्यापाऱ्याला दिलेला धनादेश परत गेला. त्या दिवशी दोघे भाऊ शाखेत येऊन जे एकमेकांना बोलले, ते धनादेशाच्या रकमेपेक्षा महाग पडले. पुढे पेढी विभागली गेली. दोघांपैकी कोणीही आपले काम चुकवले नव्हते. मधल्या कामाला धनी नव्हता, इतकेच.

दोन मागचे खेळाडू

जोडी म्हणजे दोन चांगल्या खेळाडूंची बेरीज नव्हे, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. सात्विकसाईराज रंकीरेड्डी हा आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा, तर चिराग शेट्टी मुंबईचा. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी या दोघांची जोडी लावली, तेव्हा दोघेही उंच, दोघेही मागून जोरकस स्मॅश मारणारे. मागच्या जागेसाठी दोन उमेदवार आणि जाळीपाशी कोणी नाही, अशी ती स्थिती. चिरागने मग जाळीजवळचा खेळ घडवला. याचा अर्थ तो पुढेच अडकून पडला, असा मुळीच नाही. फूल फिरले की तो मागे जातो, सात्विक पुढे येतो आणि दोघेही दोन्ही जागा खेळतात. परंतु ज्या जागेत टाळ्या कमी, ती जागा शिकण्याची तयारी कोणीतरी दाखवावी लागते. ती दाखवली गेली नसती, तर दोन उत्तम स्मॅशर भारताला मिळाले असते; जोडी मिळाली नसती. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत या जोडीने बॅडमिंटनमधील भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले आणि त्याच महिन्यात ती जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचली.

त्याआधीचा एक सामना या संदर्भात विशेष बोलका आहे. १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे थॉमस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ चौदा वेळा विजेत्या ठरलेल्या इंडोनेशियाशी पडली. दुहेरीत सात्विक-चिरागसमोर होते मोहम्मद अहसान आणि केव्हिन संजया सुकामुल्जो. दोघेही जगातील अग्रगण्य खेळाडू. पण एकमेकांचे नित्याचे जोडीदार नव्हते. अहसानचा नेहमीचा जोडीदार हेंद्रा सेतियावान आणि केव्हिनचा मार्कस गिदेऑन. भारतीय जोडीने पहिला गेम १८-२१ असा गमावला, दुसरा २३-२१ असा खेचून आणला आणि तिसरा २१-१९ असा जिंकला. भारताने लढत ३-० ने जिंकून प्रथमच थॉमस चषक मिळवला. एवढ्या निसटत्या सामन्याचे श्रेय एकाच कारणाला देणे धाडसाचे होईल. तरी एकेका खेळाडूचे मोल मोजले असता समोरची बाजू किंचितही कमी नव्हती. भारताकडे वर्षानुवर्षे एकत्र खेळण्यातून आलेला सराव होता आणि असा सराव उसना मिळत नाही.

अहसान आणि हेंद्रा या जोडीविषयी दोन शब्द लिहिल्याविना राहवत नाही. विशेषतः माझ्या वयाच्या वाचकांसाठी. २०१३, २०१५ आणि २०१९ अशी तीन जागतिक विजेतेपदे त्यांनी मिळवली. बासेल येथे तिसरे विजेतेपद मिळाले, त्या २५ ऑगस्ट २०१९ या दिवशी हेंद्रा पस्तीस वर्षांचा झाला. त्यांचे जुने सामने पाहावेत. हेंद्रा घाईने धावताना क्वचितच दिसतो. फूल येण्याआधी तो तेथे पोहोचलेला असतो. पाय थकू लागतात, तेव्हा योग्य जागी उभे राहणे हीच खरी पुंजी ठरते.

घरच्या मैदानावर

आपल्या अनेक घरांत आता वडील-मुलगा, पती-पत्नी, दीर-भावजय अशा जोड्या सुटीच्या दिवशी सभागृहात खेळू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तेथे एक चित्र वारंवार दिसते. वडील मागची जागा धरून बसतात. पूर्वी त्यांचा स्मॅश चांगला होता आणि आजही हात बरा आहे. मुलगा पुढे उभा केलेला असतो. वडिलांना कोपऱ्यातून कोपऱ्यात पळावे लागते, दम लागतो, फूल आखूड पडते. तरी ते पुढे येत नाहीत आणि मुलालाही मागे जाता येत नाही, कारण ती जागा मोकळीच होत नाही. मुलाने एखादे फूल मागे जाऊन घेतलेच, तर 'ते माझे होते' असे ऐकावे लागते. अशा जोडीत कोणाचाच खेळ वाढत नाही. मुलाचा नाही आणि जाळीजवळ ज्या अनुभवाचे सोने झाले असते, त्या वडिलांचाही नाही. पुढे येणे म्हणजे माघार नव्हे. जाळीपाशी ताकद कमी लागते आणि नजर अधिक लागते. ती वयाने आलेली असते.

खेळण्यास उतरण्यापूर्वी जोडीदारांनी चार गोष्टी बोलून घ्याव्यात. मधले फूल कोणाचे? सर्व्हिसनंतर जाळीजवळचे परत आलेले फूल कोण पाहणार? डोक्यावरून गेलेल्या फुलासाठी 'मी' किंवा 'तू' असा शब्द कोण देणार, आणि तो शब्द दिल्यावर दुसरा मुकाट्याने जागा सोडणार ना? आणि चौथी, गुण गेल्यावर बोलावयाचे ते पुढच्या फुलाविषयी, गेलेल्या फुलाविषयी नाही. या बोलण्याला दोन मिनिटे पुरतात.

सराव म्हणून आणखी एक करावे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे फुलाविना खेळावे. तिसऱ्याने बाजूला उभे राहून 'उचलले', 'मारले', 'डावीकडे', 'जाळीजवळ' असे पुकारावे आणि दोघांनी केवळ पावले टाकावीत. बघणाऱ्याला हसू येईल, येऊ द्यावे. महिनाभराने फूल घेऊन खेळताना दोघांच्या मधले अंतर आपोआप राखले जाते, हे ध्यानात येईल. आणि एखाद्या संध्याकाळी मुलगा मागून मारीत असताना वडील न सांगता दोन पावले पुढे सरकलेले दिसतील. त्या दोन पावलांना कोणी टाळ्या वाजवणार नाही. मुलाला मात्र ती कळतील.